ऊन, उष्णता आणि पानातील प्रकाशग्रहण
(रोपे काटक करण्यामागील शास्त्र)

उन्हाळी टोमॅटो, मिरची व वांगी यांची लागण करणाऱ्या शेतकऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो. शेडनेटच्या सावलीत वाढलेली रोपे गर्द हिरवी, लुसलुशीत व दिसावयास अत्यंत उत्तम असतात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ती शेतात लावली जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरच्या पानांवर पांढुरके चट्टे उमटतात, मग ते कागदासारखे वाळतात. शेतकऱ्यास करप्याची शंका येते व तो बुरशीनाशकाची फवारणी करतो. चट्टे तसेच राहतात, म्हणून दुसरी फवारणी होते. दहा-बारा दिवसांनी शेंड्याकडून निरोगी पाने निघू लागली म्हणजे औषधाने गुण आला असे वाटते. दरम्यान काही रोपे दगावलेली असतात, नांग्या भरण्याचा खर्च वाढलेला असतो आणि पीक मागे पडलेले असते.

अशा अनेक शेतांतून रोग मुळी आलेलाच नसतो. सावलीत घडलेले पान एकाएकी भर उन्हात ठेवले गेले, एवढेच तेथे घडलेले असते. पान हे प्रकाश गोळा करणारे एक यंत्र आहे. परंतु ते लोखंडी यंत्राप्रमाणे एकदाच घडून कायम तसेच राहत नाही. ज्या उन्हात व ज्या उष्णतेत ते वाढते, त्याप्रमाणे त्याची आतील मांडणी ठरते. परिस्थिती हळूहळू बदलली तर ही मांडणीही बदलते. परिस्थिती एकदम बदलली तर मांडणी मोडते. हे कसे घडते याची माहिती असली, तर रोपे काटक करण्याचे काम शेतकरी अधिक जाणतेपणाने करू शकेल.

पानातील पाणलोट

पानाच्या प्रत्येक हिरव्या पेशीत डोळ्यांना न दिसणारे अनेक हरितकण असतात. एका हरितकणाची लांबी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या ते दोनशेव्या भागाइतकी असते. त्याच्या पोटात अतिशय पातळ पापुद्रे पसरलेले असतात. हे पापुद्रे काही ठिकाणी एकावर एक रचलेले असतात, जणू नाण्यांची चळतच. आणि या चळतींना एकमेकींशी जोडणारे सुटे पापुद्रेही असतात. हरितद्रव्य साठलेले असते ते या पापुद्र्यांत.

हरितद्रव्याचे सर्वच कण स्वतः काम करीत असतील, अशी पूर्वी समजूत होती. १९३२ साली अमेरिकेत रॉबर्ट इमर्सन व विल्यम अर्नोल्ड यांनी एका सूक्ष्म शेवाळावर प्रयोग केले. प्रकाशाच्या एका क्षणिक झोतात प्राणवायूचा एक रेणू बाहेर पडण्यासाठी हरितद्रव्याचे सुमारे २५०० रेणू असावे लागतात, असे त्यांना आढळले. यावरून असे दिसून आले की, हरितद्रव्याचे बहुतेक रेणू केवळ प्रकाश गोळा करण्याचे काम करतात. गोळा झालेली शक्ती ते एकाकडून दुसऱ्याकडे देत अखेर मोजक्या केंद्रांपर्यंत पोहोचवितात व तेथेच खरे रासायनिक काम होते.

शेतकऱ्यास ही व्यवस्था ओळखीची वाटेल. मोठ्या पाणलोटावर पडलेले पावसाचे पाणी ओहळांनी वाहत येऊन एका तळ्यात जमते, तसाच हा प्रकार आहे. प्रकाश गोळा करणारे रेणू हा पाणलोट, आणि काम करणारे केंद्र हे तळे. हरितद्रव्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार असून त्यांपैकी ‘ब’ प्रकार फक्त पाणलोटात असतो. त्यांच्या जोडीस काही पिवळी द्रव्ये असतात. पालकाच्या पानातील पाणलोटाच्या मुख्य घटकाची बारीक रचना २००४ साली प्रसिद्ध झाली. त्या एका घटकात ‘अ’ हरितद्रव्याचे ८, ‘ब’ हरितद्रव्याचे ६ व पिवळ्या द्रव्यांचे ४ रेणू ठराविक जागी बसविलेले असतात. असे तीन-तीन घटक एकत्र येऊन चळतींमधील केंद्रांभोवती जोडलेले असतात. हे सांधे सोडताही येतात आणि पुन्हा जोडताही येतात, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

सावलीतले पान व उन्हातले पान

जेथे पाऊस थोडा तेथे पाणलोट मोठा लागतो. त्याचप्रमाणे सावलीत वाढणारे पान आपला प्रकाशाचा पाणलोट वाढविते. ते रुंद व पातळ होते. त्यात ‘ब’ हरितद्रव्याचे प्रमाण वाढते व पापुद्र्यांच्या चळती उंच होतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या दाट पर्जन्यवनात, जेथे जमिनीपर्यंत ऊन क्वचितच पोहोचते, तेथे अळूच्या कुळातील एक मोठ्या पानाची वनस्पती वाढते. तिच्या हरितकणांत एकेका चळतीत शंभराच्या घरात पापुद्रे आढळले आहेत. उन्हात वाढणाऱ्या सामान्य पिकाच्या पानात ही संख्या साधारणपणे दहा-वीसच्या आसपास असते.

उन्हात वाढणाऱ्या पानाची रचना याच्या उलट असते. ते जाड असते व त्यात उभ्या पेशींचे थर अधिक असतात. प्रकाशाचा पाणलोट लहान असतो, पण गोळा झालेली शक्ती वापरून हवेतील कर्ब पकडणारी यंत्रणा मोठी असते. शिवाय जादा प्रकाशापासून बचाव करणारी पिवळी द्रव्येही त्यात अधिक असतात. असे पान रंगाने काहीसे फिके दिसते. म्हणूनच रोपाचा गर्द हिरवा रंग हे नेहमीच त्याच्या जोमाचे लक्षण समजू नये. अनेकदा ते अपुऱ्या उजेडाचे लक्षण असते.

पूर्ण वाढलेल्या पानाची जाडी नंतर फारशी बदलत नाही. मात्र त्याच्या हरितकणांतील मांडणी बदलू शकते. पाणलोटातील काही घटक मोडीत निघतात, चळती लहान होतात, कर्ब पकडणारी द्रव्ये वाढतात. या फेरबदलास साधारणपणे आठवड्याचा अवधी लागतो. खऱ्या अर्थाने उन्हास योग्य असे पान मात्र उन्हात नव्याने फुटलेलेच असते. रोपांच्या कणखरपणासाठी सात ते दहा दिवस द्यावेत असे जे सांगितले जाते, त्याचे कारण हे आहे.

जादा प्रकाशाचा सांडवा

भर दुपारच्या उन्हात जेवढा प्रकाश पानावर पडतो तेवढा सर्व त्याला वापरता येत नाही. टोमॅटो, मिरची, गहू यांसारख्या पिकांचे एक पान पूर्ण उन्हाच्या सुमारे पाव ते निम्म्या हिश्श्यातच तृप्त होते. ज्वारी, मका, ऊस ही पिके यापेक्षा अधिक ऊन पचवितात. उरलेला प्रकाश पानाबाहेर ठेवता येत नाही. कारण हरितद्रव्य तो शोषून घेतेच. तळे भरल्यावरही पाणी येतच राहिले, तर बांध फुटतो. येथेही न वापरलेल्या शक्तीमुळे प्राणवायूची अतिशय दाहक रूपे तयार होतात व ती पापुद्र्यांना आणि हरितद्रव्याला जाळतात.

निसर्गाने यासाठी सांडव्याची सोय केलेली आहे. ऊन वाढताच काही मिनिटांतच पाणलोटातील एका पिवळ्या द्रव्याचे रूपांतर दुसऱ्या पिवळ्या द्रव्यात होऊ लागते. पाणलोटातील घटकांची मांडणी किंचित बदलते आणि जादा शक्ती निरुपद्रवी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते. ऊन उतरल्यावर हेच द्रव्य सावकाश पूर्वरूपास येते. प्रकाशाने घडणारा हा बदल १९५७ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ सापोझ्निकोव व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम दाखवून दिला. त्याचा उपयोग पानाच्या बचावासाठी होतो, हे १९८७ च्या सुमारास बार्बरा डेमिग-अॅडम्स यांच्या संशोधनातून पुढे आले.

हा सांडवा उघडतो झटकन, पण बंद होतो सावकाश. ढग आल्यावरही तो काही वेळ वाहत राहतो व कामाची शक्ती वाया जाते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तंबाखूच्या झाडांत जनुकीय बदल करून हा सांडवा लवकर बंद होईल असे करण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात शेतातील झाडांचे सुके वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पानातील या बारीकशा व्यवस्थेवर पिकाचे उत्पादन किती अवलंबून असते, ते यावरून दिसून येते.

सांडव्याखेरीज आणखी दोन उपाय पानाजवळ असतात. प्रखर उन्हात हरितकण पेशीच्या वरच्या बाजूवरून सरकून कडेच्या भिंतींशी उभे राहतात व एकमेकांच्या सावलीत जातात. तसेच काम करणाऱ्या केंद्रातील जे प्रथिन उन्हाने सतत झिजते, ते काढून त्या जागी नवे बसविण्याचे काम दिवसभर चालू असते. ही दुरुस्ती चळतीच्या आत होऊ शकत नाही. त्यासाठी खराब झालेले केंद्र कडेच्या सुट्या पापुद्र्यात आणले जाते, तेथे डागडुजी होते व ते पुन्हा जागेवर जाते. झीज आणि दुरुस्ती यांचा मेळ बसतो तोवर पान हिरवे राहते.

उष्णतेने सांधे सुटतात

केवळ प्रकाशाचाच प्रश्न असता तर पानाने तो बहुधा निभावून नेला असता. परंतु आपल्याकडील उन्हाळ्यात प्रखर ऊन आणि तीव्र उष्णता ही जोडीनेच येतात आणि खरे नुकसान या जोडीने होते.

पानाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की, अनेक पिकांत प्रथम कर्ब पकडण्याचे काम मंदावते. तळ्यातून पाणी उपसणारी मोट जणू थांबते, आणि पाणलोटातून येणारा ओघ मात्र तसाच राहतो. पापुद्रे स्निग्ध द्रव्यांचे बनलेले असल्यामुळे उष्णतेने ते सैल पडतात. तापमान ४० अंशांच्या पुढे गेले म्हणजे चळती उलगडू लागतात आणि प्रकाश गोळा करणारे घटक केंद्रांपासून सुटे होतात. त्यापुढे पाण्याचे पृथक्करण करून प्राणवायू मुक्त करणारी, मँगनीज धातूची यंत्रणाही कोलमडते. शिवाय झिजलेले प्रथिन बदलण्याचे जे काम वर सांगितले, ते याहून माफक उष्णतेतच रेंगाळू लागते.

या बाबतीत कण्हेरीच्या झुडपावर झालेले प्रयोग उद्‌बोधक आहेत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफोर्ड येथे कार्नेगी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कण्हेरीची काही झाडे दिवसा २० अंश, तर काही ४५ अंश तापमानात वाढविली. नंतर दोन्हींची पाने तापवून त्यांच्या पापुद्र्यांची रचना सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, थंड हवेत वाढलेल्या पानांतील प्रकाशग्राही घटक कमी तापमानालाच केंद्रांपासून सुटले, आणि उष्ण हवेत वाढलेल्या पानांत तेच सांधे बऱ्याच अधिक तापमानापर्यंत टिकले. झाड तेच, जात तीच. फरक पडला तो केवळ पान कोणत्या हवेत घडले याने. उष्ण हवेत वाढताना झाडाने आपल्या पापुद्र्यांतील स्निग्ध द्रव्यांचे स्वरूप बदलून ते अधिक घट्ट केले होते, असे पुढील तपासणीत दिसून आले.

पानाचे तापमान हवेइतकेच असते असे मात्र समजू नये. मुळांना पाणी मिळत असेल तर पर्णरंध्रांतून बाष्प निघत राहते व माठातील पाण्याप्रमाणे पान थंड राहते. ते हवेपेक्षा काही अंशांनी कमी तापते. पाणी कमी पडले की पर्णरंध्रे मिटतात आणि तेच पान भर उन्हात हवेपेक्षा काही अंशांनी अधिक तापते. नुकत्याच लावलेल्या रोपाची तंतुमुळे तुटलेली असतात, म्हणून ओल असूनही त्याला पाणी पुरेसे घेता येत नाही. अशा रोपावर तीन संकटे एकाच वेळी कोसळतात : पाणलोट मोठा, सांडवा लहान आणि थंडावा नाही.

रोग की उन्हाचा चटका?

फवारणीपूर्वी पुढील खुणा पाहाव्यात. उन्हाच्या चटक्याचे चट्टे सूर्याकडे तोंड असलेल्या सपाट भागावर पडतात. वरच्या पानाच्या सावलीत झाकलेला भाग हिरवाच राहतो. चट्टे पांढुरके किंवा फिकट बदामी असतात, त्यांत वलये नसतात, बुरशीची वाढ दिसत नाही. लागणीनंतर किंवा सावली काढल्यानंतर दोन-चार दिवसांतच ते सर्व शेतात एकदम दिसतात व पुढे पसरत नाहीत. नवीन पाने स्वच्छ निघतात. याउलट रोगाचे ठिपके सामान्यतः थोड्या झाडांपासून सुरू होतात, सावलीतल्या पानांवरही पडतात आणि दिवसेंदिवस वाढत जातात. शंका राहिल्यास रोपे कृषी अधिकाऱ्यास दाखवून मगच औषधावर खर्च करावा.

रोपे काटक कशी करावीत?

१. लागणीपूर्वी सात ते दहा दिवस रोपांना उन्हाची सवय लावण्यास आरंभ करावा. पहिले दोन दिवस फक्त सकाळचे दोन-तीन तास सावली काढावी. पुढील दोन-तीन दिवस सकाळी दहापर्यंत व दुपारी चारनंतर ऊन द्यावे. त्यानंतर सावलीची वेळ भर दुपारपुरती ठेवावी व अखेरचे दोन दिवस रोपे पूर्ण उन्हात राहू द्यावीत.

२. या काळात पाण्याच्या पाळ्या थोड्या लांबवाव्यात. मात्र रोपे कोमेजू देऊ नयेत. कोमेजलेले पान तापते व सवय लागण्याऐवजी इजाच होते. या दिवसांत युरियासारखे नत्र खत देऊन लुसलुशीत वाढ करून घेऊ नये.

३. रोपे रोपवाटिकेतून विकत घेतली असल्यास ती उन्हात ठेवली होती किंवा कसे, याची चौकशी करावी. ठेवली नसल्यास ट्रे शेताच्या कडेस विरळ सावलीत आणून वरीलप्रमाणे सवय लावावी व मगच लागण करावी. चार दिवस उशीर झाला तरी तो नांग्या भरण्यापेक्षा स्वस्त पडतो.

४. लागण दुपारी चारनंतर करावी व लगेच पाणी द्यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे पाणी चुकवू नये. पहिल्या रात्रीचा विसावा मिळाल्यास मुळे सावरतात.

५. ऊन फार प्रखर असल्यास रोपांच्या नैर्ऋत्य बाजूस तुरीच्या काड्या, कडुलिंबाच्या डहाळ्या किंवा पाचट यांचा आडोसा पहिले आठ दिवस करावा व तोही एकदम न काढता विरळ करीत न्यावा.

६. चटका बसलेली पाने तोडू नयेत. त्यांचा हिरवा राहिलेला भाग रोपास अन्न पुरवीत असतो व खालच्या पानांस सावली देत असतो.

गहू व पानमळा

हेच तत्त्व इतर पिकांसही लागू पडते. गव्हाची पाने डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत घडतात. दाणे भरण्याच्या वेळी एकदम उष्णता वाढली, तर थंडीत घडलेल्या ध्वजपर्णातील सांधे लवकर सैल पडतात, पान अकाली पिवळे पडते आणि दाणा बारीक राहतो. २०२२ सालचा मार्च महिना भारतात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला व उत्तर भारतातील गव्हाला त्याचा फटका बसला. महाराष्ट्रात तर थंडीचा काळ मुळातच आखूड असतो. म्हणून बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. पेरणीस उशीर झालाच तर उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेली जात निवडावी आणि दाणे भरताना पाण्याची पाळी चुकवू नये.

पानवेल मुळातच सावलीची. पानमळ्यातील शेवरी, हादगा किंवा पांगारा यांची छाटणी करताना उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व फांद्या एकाच वेळी उतरवू नयेत. टप्प्याटप्प्याने विरळणी करावी. मात्र सावलीचाही अतिरेक नसावा. अति दाट सावलीत वेलाची वाढ लांबट व पाने पातळ होतात, आणि अशी पाने पुढे थोड्या उन्हानेही भाजतात.

समारोप

ऊन हे पिकाचे अन्न आहे. ते पचविण्याची ताकद मात्र पानात दिवसादिवसाने तयार होते, औषधाच्या बाटलीतून ती आणता येत नाही. रोपवाटिकेतील शेवटचे सात दिवस हे लागणीचेच पहिले सात दिवस आहेत, असे समजून शेतकरी बंधूंनी त्यांची आखणी करावी. पुढील लागणीच्या वेळी निदान दोन ओळी काटक केलेल्या रोपांच्या व दोन ओळी थेट सावलीतून आणलेल्या रोपांच्या शेजारी शेजारी लावून पाहाव्यात. पंधरा दिवसांनी त्या ओळींमधील फरक शेतकऱ्यास आपल्या डोळ्यांनी दिसेल.